पोलिसांनी मुलाला नेलं तर: पहिले २४ तास, कागदपत्रं आणि जामिनाचा अर्ज

"तुमच्या पोराला चौकीत बसवलंय," असा फोन आला की घरचे ओळखीच्या नगरसेवकाचा नंबर शोधत धावतात. खरं तर आधी शोधायचा असतो तो शाळेचा दाखला. गुन्हा घडला म्हणतात त्या दिवशी मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली नसतील, तर त्याला बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू होतो आणि लॉकअपचा दरवाजा त्याच्यासाठी बंद होतो. पकडल्या दिवशीचं वय इथं मोजत नाहीत.

वयाच्या पुराव्याची उतरंड कलम ९४ मध्ये ठरवून दिली आहे. पहिला मान शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला किंवा दहावीच्या प्रमाणपत्राला. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. आधार कार्ड या यादीत नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका. मूल अजून शिकत असेल तर बोनाफाईडसोबत जनरल रजिस्टरचा उताराही मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. आपल्याकडे गुरुजींनी लावलेली १ जून घरोघरी सापडते. दाखल्यावर ती आणि जन्मदाखल्यावर वेगळी तारीख असेल, तर दोन्ही कागद वकिलाला आधीच दाखवा. ही तफावत बाल न्याय मंडळासमोर, म्हणजे मुलांची प्रकरणं चालतात तिथं, अचानक निघाली तर त्रास मुलालाच होतो.

पोलीस ठाण्यात गेल्यावर बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असावा लागतो आणि मुलाशी बोलताना त्यांनी साध्या कपड्यांत असावं लागतं. मुलाला बेडी घालता येत नाही, कबुलीसाठी दबाव आणता येत नाही, कुठल्याही जबाबावर त्याची सही घेता येत नाही. चौकशीच्या वेळी आईवडिलांना जवळ बसता येतं. "अटक नाही हो, नुसतं चौकशीला आणलंय," हे वाक्य हमखास ऐकू येतं. अशा वेळी वाद घालू नका. मुलाला किती वाजता, कुठून नेलं ते लगेच कुणाला तरी मोबाईलवर मेसेज करून ठेवा. पकडल्यापासून २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, त्याला बाल न्याय मंडळापुढे उभं करावंच लागतं, आणि हा हिशेब मांडताना तो मेसेज उपयोगी पडतो. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं.

जामिनाचा अर्ज याच अधिनियमाच्या कलम १२ खाली करायचा. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही हे इथं आडवं येत नाही. सुटल्यावर मूल गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल असं वाटलं तरच मंडळ जामीन नाकारतं, आणि कारणं लिहून देतं. म्हणून अर्जात मूल कुणाजवळ राहणार, शाळा किंवा काम काय, हे स्पष्ट मांडा. सोबत वयाचा पुरावा, पालकांचं ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वीजबिल आणि पालकांचे फोटो ठेवा. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावं लागतं. तोवर मुक्काम निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून रिमांड होममध्येच.

वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. बालक, महिला, दिव्यांग आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही, तेव्हा तहसीलच्या दाखल्यासाठी थांबू नका. नंबर १५१००. मुलांसाठी १०९८.

मोठ्यांतही काहींना वेगळं संरक्षण आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही. तशी वेळ आलीच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. साठीपुढची किंवा दुर्बल व्यक्ती तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात असेल, तर अटकेआधी उपअधीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याची परवानगी हवी.

कागदावर मुलाचं वय १९ लिहून त्याला सज्ञान म्हणून तुरुंगात पाठवलं असेल, तरी वाट बंद होत नाही. अल्पवयीन असल्याचा दावा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९ नुसार कुठल्याही न्यायालयात, कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. त्या अर्जालाही तोच शाळेचा दाखला जोडायचा.