तल्सा हत्याकांड (१९२१)

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील तल्सा शहरात ३१ मे व १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची वस्ती लुटून जाळली. वंशभेदाच्या कायद्यांनी वेगळी पाडलेली ही वस्ती दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे आणि डॉक्टर-वकिलांच्या कचेऱ्यांनी गजबजलेली होती.

निमित्त क्षुल्लक होते. डिक रोलंड या बूटपॉलिश करणाऱ्या १९ वर्षांच्या तरुणावर लिफ्ट चालवणाऱ्या गोऱ्या मुलीशी झोंबाझोंबी केल्याचा आळ आला आणि ‘तल्सा ट्रिब्यून’ने ती बातमी भडकपणे छापली. कोर्टाबाहेर जमाव जमला. रोलंडला ओढून नेऊन मारतील, या धास्तीने पहिल्या महायुद्धातून परतलेल्या काही सैनिकांसह सशस्त्र कृष्णवर्णीय तिथे गेले. झटापटीत गोळी सुटली. पोलिसांनी शेकडो गोऱ्या नागरिकांना तिथल्या तिथे विशेष शिपाई नेमले; पुढे जाळपोळीत त्यांतलेही लोक होते. रस्त्यांनी वेढलेले सुमारे ३५ घरसमूह (ब्लॉक) बेचिराख झाले, १,२०० हून अधिक घरे जळाली. अधिकृत नोंदीत मृत ३६. इतिहासकारांचा अंदाज १०० ते ३०० असा आहे. पकडले गेले ते मात्र घरे गमावलेलेच. हजारो जणांना छावण्यांत डांबले आणि गोऱ्या मालकाने हमी दिली तरच सोडले.

यानंतरची हिंसा कागदोपत्री झाली, आणि तीच अधिक टिकली. खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्यूरीने, दोष कृष्णवर्णीयांवर ढकलला. रोलंडवरील खटला बारगळला, पण खून वा जाळपोळीबद्दल एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही. दंगलीतील नुकसान पॉलिसीत बसत नाही, म्हणून विमा कंपन्यांनी हात वर केले. घरे पुन्हा उभी राहू नयेत असा अग्निसुरक्षेचा नियम शहराने केला. तंबूत कचेरी थाटलेल्या बी. सी. फ्रँकलिन या वकिलाने तो कोर्टात हाणून पाडला. रहिवाशांनी स्वतःच्या हिमतीवर उभे केलेले ग्रीनवुड पुढे महामार्गाने चिरले. ‘ट्रिब्यून’चा जुना अंक मायक्रोफिल्मवर घेतला गेला, तेव्हा ती बातमी पानावरून फाडून काढलेली होती.

राज्याच्या आयोगाने २००१ मध्ये भरपाईची शिफारस केली. तल्सातील ओकलॉन दफनभूमीतील खोदकामात सापडलेल्या मृतांपैकी सी. एल. डॅनियल या माजी सैनिकाची ओळख २०२४ मध्ये डीएनएवरून पटली. त्याच वर्षी, वयाची शंभरी ओलांडलेल्या दोन वाचलेल्या स्त्रियांचा भरपाईचा दावा ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला.