स्टेपनी टपावर कशी चढली

मनालीहून लेहकडे निघालेल्या गाड्यांच्या टपावर हल्ली हमखास लोखंडी कॅरिअर दिसतो आणि त्यात डिझेलच्या कॅनशेजारी पट्ट्यांनी आवळलेलं जादा चाक. यात थोडी हौस आहेच. पुण्यातल्या पुण्यात फिरणाऱ्या गाडीवर तर निव्वळ हौस. पण जादा चाक ठेवायचं कुठे, हा प्रश्न जवळजवळ मोटारीइतकाच जुना आहे. ते टपावर जायला उशीर झाला, कारण तेवढं ओझं पेलणारा टपच बराच काळ नव्हता.

सुरुवातीच्या मोटारींना सुटी होणारी चाकंही नव्हती. पंक्चर झालं की टायर रस्त्यातच पहारीने उचकटायचा, ट्यूब जोडायची, पुन्हा हवा भरायची. 1904 मध्ये वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी यावर तोडगा काढला: आऱ्या नसलेली एक रिम, तिच्यावर हवा भरलेला तयार टायर, आणि ती पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून क्लॅम्पने जोडायची. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. गावाबाहेर त्या रस्त्याची फारशी कुणाला माहिती नसेल, पण त्याचं नाव आपल्या प्रत्येक गॅरेजात रोज घेतलं जातं. पुढे काही वर्षांतच आख्खं चाक काढता-घालता येऊ लागलं आणि जादा चाक पायरीवर, मडगार्डच्या खाचेत किंवा गाडीच्या मागे बसलं. श्रीमंतांच्या काही बंद लिमोझिनवर मात्र नुसते जादा टायर, चाकाविना, टपावर आडवे टाकलेले असत. तो टप म्हणजे लाकडी चौकट आणि वरून ताणलेलं कापड.

ही स्थिती 1930 च्या दशकापर्यंत टिकली, कारण मोटारीचं आख्खं छत दाबून काढता येईल इतका रुंद पोलादी पत्रा गिरण्यांमधून निघतच नव्हता. बाजू पत्र्याच्या आणि मधला भाग कापडाचा, असे टप बनायचे आणि पावसात गळायचे. जनरल मोटर्सने 1935 च्या मॉडेलांपासून एकसंध पोलादी टप आणला, त्याची जाहिरातही धूमधडाक्यात केली. टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असायची. दार उघडताना अंगावर पाणी पडू नये, एवढंच तिचं काम. पण या कथेची खरी नायिका तीच आहे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत टेकवायचे, खालून आकडा लावून स्क्रू आवळायचा. टपाला भोक पाडायला नको आणि एकाच घडणीचा कॅरिअर कितीतरी गाड्यांना चालायचा.

मग लांब पल्ल्याच्या शर्यती आणि मोहिमा आल्या. मुंबईने त्यातली एक जवळून पाहिली आहे. 24 नोव्हेंबर 1968 रोजी लंडन–सिडनी मॅरेथॉनच्या 98 गाड्या क्रिस्टल पॅलेसहून सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबरखिंड, दिल्ली असं करत सुमारे 11,000 किलोमीटर तुडवून त्यातल्या 72 मुंबईला पोचल्या. इथून त्या ‘चुसान’ जहाजावर चढल्या आणि ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला उतरल्या. शेवटपर्यंत टिकल्या 56. जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर. यातल्या काही गाड्यांच्या टपावर जादा चाकं बांधलेली होती. कारण साधं होतं: डिकीत पेट्रोलची वाढीव टाकी, मागच्या सीटच्या जागेत हत्यारं आणि सुटे भाग, आणि अफगाणिस्तानातल्या दगडगोट्यांसाठी एक स्टेपनी पुरणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. आत जागा संपली की वरच जायचं. 1980 पासून कॅमल ट्रॉफीच्या जंगल-मोहिमांनी टपावर चाक, कॅन आणि फावडं लादलेल्या गाडीचं चित्र जगभर नेलं. आजची हौस बऱ्याच अंशी तिथून आली.

गंमत म्हणजे त्याच दशकात पन्हळ गेली. वाऱ्याचा अडथळा कमी करून इंधन वाचवायचं म्हणून कंपन्यांनी ती दाराच्या आत दडवली. आता कॅरिअर प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा, आणि टपावर किती वजन चालेल हे कंपनी पुस्तिकेत सांगते. साध्या मोटारीसाठी हा आकडा बहुधा 50 ते 100 किलोंच्या दरम्यान असतो, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं. एसयूव्हीचं रिमसकट चाक सहज 25–30 किलोंचं. म्हणजे दोन चाकं चढवली की सामानाला फार काही उरत नाही. शिवाय एवढं वजन इतक्या उंचीवर गेलं की वळणावर गाडी जास्त कलते.

आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीमुळे पन्हळ बरीच वर्षं टिकली, म्हणून मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा कॅरिअरही टिकला. 2000 नंतर टॅक्सी सीएनजीवर गेल्या, डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशांच्या बॅगा टपावर आल्या. स्टेपनी मात्र बहुतेकांनी खालीच कुठेतरी कोंबली, कारण भर ट्रॅफिकमध्ये टपावरून चाक उतरवणं नकोसं.

ऑक्टोबर 2020 पासून तर ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असेल, तर चालकासह नऊपर्यंत प्रवासी नेणाऱ्या, साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. शहरात हे ठीक. खिळा टायरच्या मधल्या भागात घुसला तर संचातली पट्टी काम भागवते. पण दगडाच्या धारेने टायरची बाजू चिरली तर ती पट्टी तिथे टिकत नाही, चाकच बदलावं लागतं. मनाली–लेह रस्त्यावरच्या सरचू ते पांग या टप्प्यात तर टायरचं दुकान शोधण्यात अर्थ नाही.