डाग पाहण्याआधी त्यावरचा केस पाहा

कोडाच्या डागावर अतिनील (यूव्ही) किरणांचे उपचार सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा दोन-तीन महिन्यांनी पांढऱ्या त्वचेवर तपकिरी ठिपके उमटू लागतात. भिंगातून पाहिले, तर बहुतेक ठिपक्यांच्या मधोमध एक केस दिसतो. डागाच्या कडेकडून रंग आत सरकतो तो जेमतेम काही मिलिमीटर. मोठ्या डागात बाकीचा सगळा रंग केसांच्या मुळांतूनच वर येतो.

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट या रंगपेशी असतात. एकेक रंगपेशी आपल्या फांद्यांमधून आसपासच्या सुमारे 36 पेशींना मेलॅनिन हे रंगद्रव्य पुरवते. कोडात शरीराच्याच टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी, या रंगपेशींना मारतात. बाकीची त्वचा शाबूत असते आणि डागावर स्पर्शही नीट कळतो. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे आणि तो कुणाला लागत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगायलाच हवे.

केसाच्या मुळाशी मात्र हा हल्ला उशिरा पोचतो. रिकार्डो स्टारिको यांनी 1959 मध्ये केसाच्या मुळाभोवतीच्या बाहेरच्या आवरणात रंग न बनवणाऱ्या, स्वस्थ बसलेल्या रंगपेशी दाखवल्या. पुढे 1979 मध्ये जाँ-पॉल ऑर्टोन आणि सहकाऱ्यांनी किरणोपचार घेतलेल्या कोडाच्या रुग्णांची त्वचा तपासली. याच पेशी जाग्या होतात, वाढतात, आवरणावरून वर चढतात आणि पृष्ठभागावर पसरतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आजचा बराचसा उपचार याच गोष्टीवर उभा आहे.

म्हणून डाग किती मोठा आहे यापेक्षा त्यावरचे केस कसे आहेत, हे मी जास्त महत्त्वाचे मानतो. केस काळे असतील, तर रंगपेशींचा साठा शिल्लक आहे. केसही पांढरे झाले असतील, तर तो बहुधा संपत आला आहे. ओठ, बोटांची टोके, तळहात इथे केसच नसतात. त्यामुळे तिथले डाग हट्टी असतात, तर चेहऱ्यावरचे सर्वांत लवकर भरतात.

नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांच्या अरुंद पट्ट्याच्या उपचारात 311 ते 313 नॅनोमीटरचे किरण आठवड्यातून दोन-तीनदा देतात, पण लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. सुरुवात साधारण 200 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरने होते आणि दर वेळी मात्रा 10 ते 20 टक्क्यांनी वाढवतात. डागावर फिकट गुलाबी छटा येऊन 24 तासांत गेली, की मात्रा बरोबर आहे. लाली त्याहून जास्त टिकली, तर मात्रा वाढवायची नाही. दुखले किंवा फोड आले, तर त्वचा भरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा कमी मात्रेने सुरू करायचे. भाजलेल्या त्वचेवर कोड नव्याने उमटू शकतो, म्हणून घाई इथे उलटी पडते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे वीसेक सत्रांनंतर कंटाळून सोडून देणे. 72 सत्रे होण्याआधी ‘उपयोग नाही’ असे म्हणू नये.

रंग परतला तरी काही टी-पेशी त्वचेतच दबा धरून राहतात. उपचार बंद केल्यावर डाग बहुधा जुन्याच जागी उगवतो, याचे कारण हेच. भरलेल्या जागी टॅक्रोलिमस या टी-पेशींना आवर घालणाऱ्या औषधाचे मलम आठवड्यातून दोनदा लावत राहिल्यास ही शक्यता कमी होते.

साठाच संपला असेल, तर पेशी बाहेरून आणाव्या लागतात. त्यासाठी डाग किमान वर्षभर स्थिर हवा, म्हणजे नवा डाग नको आणि जुना वाढलेला नको. अस्थिर कोडात शस्त्रक्रिया केली, तर जिथून त्वचा घेतली तीही जागा पांढरी पडू शकते. डागाच्या सुमारे एक-दशांश आकाराचा त्वचेचा पातळ पापुद्रा काढतात, तो ट्रिप्सिन या विकरात (एन्झाइममध्ये) 37 अंश सेल्सिअसला ठेवून पेशी सुट्या करतात आणि डागाचा वरचा थर घासून त्यावर पसरतात. पट्टी आठवडाभर हलवायची नाही, कारण पेशी सरकल्या की सगळे श्रम वाया जातात.

याच पेशी डोक्याच्या मागच्या भागातले केस उपटूनही मिळवता येतात. केस वाढीच्या अवस्थेतला मात्र हवा. उपटल्यावर त्याच्या मुळाशी ओलसर, पारदर्शक आवरण दिसते आणि रंगपेशी त्यातच असतात. टोकाशी नुसती कोरडी पांढरी गाठ असलेला केस बाजूला टाकायचा.