रजिस्टरात नसलेली माणसं

पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या एका वस्तीत आशाताईंबरोबर, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीबरोबर, घरोघर फिरत होतो. एका दारात साठीच्या मावशी भांडी पालथी घालत बसल्या होत्या.

"मावशी, बीपीची गोळी चालू आहे ना?"

"होती. संपली."

"मग दवाखान्यातून आणायची की!"

"कधी आणू? सकाळी सातला कामाला जाते. चार घरची धुणीभांडी उरकून येईस्तोवर दीड वाजतो. तोवर केसपेपरची खिडकी बंद."

ताईंनी वहीत लिहिलं, 'उपचार खंडित'. कारणासाठी वहीत रकानाच नव्हता. दवाखाना पायऱ्या उतरून दहा मिनिटांवर, औषध फुकट आणि कागदोपत्री ही वस्ती 'सेवा उपलब्ध' या यादीत.

एखाद्या भागाची आरोग्याची गरज किती, हे ठरवायला बसलं की पहिला हात जातो तो ओपीडीच्या रजिस्टराकडे. ते आयतं मिळतं, महिनावार मांडलेलं असतं. पण त्यात भेटतात ते फक्त दवाखान्यापर्यंत पोचलेले लोक. बाकीच्यांचा अंदाज उलट्या बाजूने काढावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांचा आणि 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला आढळला, किंवा त्यांची औषधं चालू होती. समजा, वस्ती 10 हजारांची आहे आणि त्यातले साडेसात हजार लोक 15 वर्षांवरचे आहेत. म्हणजे साडेसोळाशेच्या आसपास माणसं बीपीची असणार. रजिस्टरात 200 नावं असतील, तर उरलेली साडेचौदाशे कुठे आहेत? नियोजन सुरू होतं ते या वजाबाकीपासून. अर्थात देशाची सरासरी टेकडीवरच्या वस्तीला तंतोतंत लागू पडेल असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा हे तरी कळतं.

जोनाथन ब्रॅडशॉ या ब्रिटिश अभ्यासकाने 1972 मध्ये गरजेचे चार प्रकार सांगितले. तज्ज्ञ ठरवतात ती गरज, लोकांना स्वतःला जाणवते ती, लोक प्रत्यक्ष मागायला येतात ती, आणि तशाच दुसऱ्या वस्तीशी ताडून पाहिल्यावर दिसते ती. रजिस्टरात उमटते ती फक्त तिसरी. मावशींची गरज डॉक्टरांना मान्य आहे, मावशींनाही मान्य आहे, पण खिडकीपर्यंत ती पोचतच नाही.

जाणवलेली गरज विचारायला गेलं तर उत्तरं भलतीकडूनच येतात. त्याच वस्तीत बायकांना विचारलं, आरोग्यासाठी काय हवं? मला वाटलं, डॉक्टर म्हणतील. त्या म्हणाल्या, सार्वजनिक संडासात दिवा लावा. अंधारात जायला नको म्हणून त्या संध्याकाळपासून पाणीच कमी पितात. आता लघवीच्या जंतुसंसर्गाच्या गोळ्या किती लागतील याचा हिशेब औषध भांडारात होतो आणि दिव्याचा हिशेब विद्युत विभागात. ही दोन खाती एकमेकांशी कशाला बोलतील?

असलेल्या सेवा मोजणं त्यामानाने सोपं वाटतं. शहरात साधारण 50 हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र, हा निकष आहे. पण 50 हजार कुठले मोजायचे? पूर्ण झालेली शेवटची जनगणना 2011 ची, आणि तेव्हा पुणे महापालिकेची लोकसंख्या 31 लाखांच्या वर होती. त्यानंतर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं हद्दीत आली. लोकसंख्याच नक्की नसली की भागाकाराला काय अर्थ?

सेवा म्हणजे दवाखानेच, असं धरून चालण्यातला धोका जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याने दाखवला. किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गुलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. हातापायांतली ताकद जाते आणि काहींना व्हेंटिलेटर लागतो. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात जातो. आयसीयूच्या खाटा मोजल्या तर पुणं बऱ्याच शहरांपेक्षा श्रीमंत निघेल. पण ही गावं हद्दीत आली तरी शुद्धीकरण केलेलं पाणी सगळीकडे पोचलं नव्हतं. आरोग्यसेवांच्या यादीत जलशुद्धीकरण केंद्राचा रकाना असायला हवा तो यासाठी. माझ्या मते तो पहिला असावा.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी 1971 मध्ये एक नियम मांडला. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते तिथे ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा बाजारावर सोडली की ही तफावत वाढते. पुण्याच्या नकाशावर मोठ्या खासगी रुग्णालयांना एका रंगाच्या टाचण्या लावा आणि वस्त्यांना दुसऱ्या. काही ठिकाणी दोन्ही टाचण्या शेजारी शेजारी येतील. तेवढ्यावर भुलू नका, टाचणीला दर लिहिलेला नसतो. आणि दवाखान्याची वेळही लिहिलेली नसते. नागरी आरोग्य अभियानाच्या आराखड्यात संध्याकाळच्या ओपीडीचा विचार आहे, पण कुठल्या वस्तीला ती नेमकी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत लागेल, हे वस्तीतच विचारावं लागतं.

परतताना ताई एका कट्ट्यावर टेकल्या. वही उघडून समासात पट्टीशिवायच उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'घरी कधी असतात?' मावशींच्या नावापुढे पहिली नोंद झाली, दुपारी दीडनंतर.