तिसरा आला, पण पहिल्या दोघांनाही भारी होता

पसंतीक्रमाने मतदान घेतलं की बहुसंख्यांच्या मनातलाच उमेदवार निवडून येतो, असं ठासून सांगणारे लोक अधूनमधून भेटतात. त्यांच्यासमोर मी बर्लिंग्टनची मतमोजणी ठेवतो.

बर्लिंग्टन हे अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याचं सगळ्यात मोठं शहर, वस्ती 40 हजारांच्या आसपास. पुढे अमेरिकेचे सिनेटर झालेले बर्नी सँडर्स 1981 मध्ये अवघ्या 10 मतांनी महापौर झाले ते इथेच. मार्च 2009 मध्ये इथे पसंतीक्रमाने महापौर निवडला गेला. आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखीच ही रीत: नावांपुढे 1, 2, 3 लिहायचं, तळाचा उमेदवार बाद करायचा आणि त्याची मतं पुढच्या पसंतीला द्यायची.

पहिल्या मोजणीत रिपब्लिकन कर्ट राइट यांना 2,951, प्रोग्रेसिव्ह बॉब किस यांना 2,585, डेमोक्रॅट अँडी मॉन्ट्रोल यांना 2,063 आणि अपक्ष डॅन स्मिथ यांना 1,306 मतं पडली. स्मिथ आणि किरकोळ उमेदवार बाद झाल्यावर आकडे झाले राइट 3,294, किस 2,981, मॉन्ट्रोल 2,554. मग मॉन्ट्रोल बाद. त्यांची 1,332 मतं किस यांच्याकडे आणि 767 राइट यांच्याकडे गेली, उरलेल्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाचंच नाव नव्हतं. किस 4,313, राइट 4,061. किस महापौर.

खरी गंमत इथून पुढे आहे. राइट अखेरपर्यंत रिंगणात राहिले, त्यामुळे त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती कोणी उघडून पाहिलीच नाही. सगळ्या मतपत्रिका जाहीर झाल्यावर अभ्यासकांनी ती पाहिली. त्या 3,294 पैकी सुमारे 1,500 जणांनी किस यांच्यापेक्षा मॉन्ट्रोल यांना वर ठेवलं होतं, उलटा क्रम देणारे जेमतेम 500. म्हणजे फक्त किस आणि मॉन्ट्रोल अशी लढत लावली तर मॉन्ट्रोल सुमारे 4,060 विरुद्ध 3,480 ने जिंकतात. राइट यांच्याविरुद्ध तर ते सुमारे 900 मतांनी पुढे. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर हरवणारा असा उमेदवार असेल तर तोच खरा विजेता मानावा, हे फ्रेंच गणिती काँदोर्से यांनी 1785 मध्येच मांडलं होतं. बर्लिंग्टनमध्ये तोच तिसरा येऊन घरी गेला.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. समजा राइट यांच्या मतदारांपैकी 750 जणांचं मन वळलं आणि त्यांनी किस यांना पहिली पसंती दिली. हे 750 आपण दोन गटांतून घेऊ: किस यांना आधीच मॉन्ट्रोल यांच्या वर ठेवणारे 490, आणि दोघांपैकी कोणाचंच नाव न लिहिणारे 260. राइट 2,544 वर येतात, मॉन्ट्रोल यांच्यापेक्षा 10 ने खाली, म्हणून आता राइट बाद. अंतिम लढत किस आणि मॉन्ट्रोल यांच्यात. त्या लढतीत पहिले 490 किस यांच्या बाजूने आधीच मोजलेले होते, नवी भर फक्त 260 ची. 3,480 अधिक 260 म्हणजे 3,740, समोर 4,060. किस हरले! पाठिंबा वाढला म्हणून पराभव. बेरीज दोनदा करून पाहा, मीही केली होती.

निकाल ग्रहांवरून सांगणाऱ्यांचं मला नवल वाटतं. इथे मतं तीच ठेवून नुसता मोजायचा नियम बदलला तरी महापौर बदलतो. कुंडली नेमकी कोणत्या नियमाची मांडायची?

2010 मध्ये बर्लिंग्टनकरांनी सुमारे 52 टक्के मतांनी ही पद्धत रद्द केली. तेव्हा जुना नियम परत आला: कोणालाही 40 टक्के मतं मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत फेरमतदान. 2009 च्या मतांना तो लावून पाहिला तर राइट 33 टक्क्यांवर अडकतात, फेरमतदान राइट आणि किस यांच्यात होतं, आणि मॉन्ट्रोल पुन्हा बाहेरच.