लाकूड वाचवायला आलेले तेल

मल्लखांबाला एरंडेल चोळतात, हे पुण्यात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पण विमाननगरच्या एखाद्या मॉलमध्ये भाड्याचे बूट घालून टेनपिन बोलिंगच्या लेनसमोर उभ्या राहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या लेनवरही तेल पसरलेले असते याची कल्पना नसते. ते डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही आणि फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंतच्या ६० फुटांपैकी साधारण पहिल्या दोन तृतीयांश भागावरच असते. बॉलची निवड हा आज जो स्वतंत्र अभ्यासाचा विषय झाला आहे, त्याचे मूळ या तेलात आहे.

गंमत अशी की हे तेल खेळासाठी आलेच नव्हते. जुन्या लेन लाकडाच्या असत. बॉल जिथे आदळतो तो पुढचा भाग आणि पिनांखालचा भाग कठीण मेपलचा, तर मधला पट्टा मऊ पाइनचा असे. वरचे लाखेचे लेपन घर्षणाने झिजू नये, एवढ्यासाठी तेल लावले जाई. लिग्नम व्हायटी या अतिशय जड लाकडाच्या बॉलना, आणि १९०५ नंतर त्यांची जागा घेऊ लागलेल्या कडक रबरी बॉलना, या तेलाने फारसा फरक पडत नव्हता. पुढे पॉलिएस्टरचे, म्हणजे आपण ज्यांना प्लॅस्टिकचे म्हणतो ते बॉल आले. तेही तेलावरून बरेचसे सरळ घसरत जात.

खरी कलाटणी १९७३ मध्ये मिळाली. डॉन मॅक्यून या अमेरिकी व्यावसायिक खेळाडूने प्लॅस्टिकचा बॉल रासायनिक द्रावणात भिजवून त्याचे कवच मऊ केले आणि त्या वर्षी सहा विजेतेपदे मिळवली. मऊ कवच लेनला अधिक धरते, त्यामुळे बॉल शेवटच्या टप्प्यात अधिक वळतो, म्हणजेच ‘हूक’ होतो. नियामक संस्थांनी कवचाच्या कठीणपणाची किमान मर्यादा ठरवून ही वाट अडवली खरी, पण कवच हाच बॉलचा प्राण आहे हे एव्हाना सर्वांना कळून चुकले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेनचे आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअॅक्टिव्ह रेझिनचे बॉल आले. रेझिनच्या कवचाला सूक्ष्म छिद्रे असल्याने ते तेल शोषते आणि तेल संपल्यावर कोरड्या भागात जोराने वळते.

साहजिकच तेलालाही उत्तर द्यावे लागले. लाकडाच्या जागी कृत्रिम पृष्ठभाग आले तरी तेल हटले नाही, उलट ते यंत्राने मोजूनमापून नक्षीसारखे, म्हणजे ठरावीक ‘पॅटर्न’मध्ये, पसरले जाऊ लागले. रोजच्या खेळासाठीच्या पॅटर्नमध्ये मध्यभागी भरपूर आणि कडेला अगदी कमी तेल असते, म्हणून थोडी चूक झाली तरी बॉल सावरतो. स्पर्धांच्या पॅटर्नमध्ये ही सवलत जवळजवळ नसते. तिथे बॉल कुठून वळायला हवा हे ठरवण्यासाठी खेळाडू पॅटर्नच्या फुटांतल्या लांबीतून ३१ वजा करतात. ४० फुटांच्या पॅटर्नवर बॉल कडेपासून साधारण नवव्या पट्टीवरून वळायला हवा, असा हा ढोबळ हिशेब आहे. लेनच्या रुंदीत अशा ३९ पट्ट्या असतात.

मॉलमधले रंगीत भाड्याचे बॉल बहुधा प्लॅस्टिकचेच असतात, आणि परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची गल्लत नेमकी इथेच होते. त्या व्हिडिओंमध्ये रेझिनचे बॉल तेल पिऊन वाट कोरडी करत जातात, बॉल लवकर वळू लागतो आणि म्हणून उजव्या हाताने खेळणारा खेळाडू डावीकडे सरकतो. रविवारी संध्याकाळी मात्र डझनभर प्लॅस्टिकचे बॉल तेल शोषत नाहीत, ते पिनांच्या दिशेने पुढे ढकलतात. त्यामुळे वळणारा चेंडू टाकणाऱ्याला रात्रीपर्यंत हूक कमी होताना दिसतो, बॉल उजवीकडेच राहू लागतो आणि तेव्हा पावले डावीकडे नव्हे, उजवीकडे न्यावी लागतात.