देशी किडींवर परदेशी रोगजंतू
एखाद्या भागात मुळातच असलेली कीड आटोक्यात आणायला दुसऱ्या खंडातली बुरशी किंवा विषाणू आणून सोडायचा, ह्याला नवअभिजात जैविक नियंत्रण असं जड नाव आहे. नेहमीची पद्धत उलटी, कीड बाहेरून आलेली असते आणि तिचा जुना शत्रू तिच्या माहेरून आणतात. इथे मात्र दोघांची आधी कधी गाठच पडलेली नसते, म्हणजे किडीकडे प्रतिकारशक्ती नसणार, रोग जोरात लागणार, असा हिशोब. गोची अशी की देशी किडीची भावकी तिथेच असते, आणि परका रोगजंतू त्यातून नेमकी कीडच निवडेल याची गॅरंटी नाही.

अमेरिकेतलं नाकतोड्यांचं उदाहरण घ्या. तिथल्या माळरानांवर नाकतोड्यांच्या शेकडो जाती आहेत, त्रास देणाऱ्या मोजक्याच, आणि हेस्परोटेटिक्स व्हिरिडिस नावाचा नाकतोडा तर गुरांना विषारी असलेलं स्नेकवीड हे झुडूप खातो, म्हणजे उलट कामाचाच. एन्टोमोफागा ग्रिलाय या बुरशीचे तिथले दोन प्रकार आपापल्या ठरलेल्या उपकुळांनाच जास्त धरतात, ऑस्ट्रेलियातला तिसरा प्रकार मात्र बऱ्याच जातींना धरतो आणि म्हणूनच तो पसंत पडला (खरं तर इथेच पाल चुकचुकायला हवी होती). १९८९ ते १९९१ मध्ये तो नॉर्थ डकोटात दोन ठिकाणी सोडला.

ही बुरशी लागलेला नाकतोडा गवताच्या शेंड्यावर चढतो, काडीला घट्ट मिठी मारतो आणि तसाच मरतो, मग त्याच्या अंगातले बुरशीचे टिकाऊ बीजाणू (म्हणजे तिचं बीच) मातीत पडून राहतात. फवारणी बंद करता येते, हे परत गोळा करता येत नाही. १९९३ मध्ये कीटकशास्त्रज्ञ जेफ्री लॉकवुड यांनी अशा परक्या जीवांच्या वापरावर जोरदार टीका केली. किडा ढिगाने आहे म्हणून तो संपणार नाही असंही नसतं, आकाश झाकणारा रॉकी माउंटन टोळ १९०२ नंतर जिवंत सापडलेलाच नाही, अर्थात त्याला कारणं वेगळी.

तिन्ही प्रकारांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात म्हणून डीएनए तपासून माग काढला. १९९२ मध्ये बुरशी लागलेल्या नाकतोड्यांपैकी २३ टक्क्यांपर्यंत नाकतोड्यांत हा परका प्रकार निघाला, तोही सोडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच, १९९३ मध्ये १.७ टक्के, १९९४ मध्ये शून्य, पण त्या वर्षी मुळात नाकतोडेच कमी होते.